पोफळीच्या विरीच्या थाळ्या: बुरशी, भेगा आणि पाकिटावर नेमकं काय छापायचं?

विरी_श्रीवर्धन

नमस्कार मंडळी. आमच्या अकरा जणींच्या बचत गटाने पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, विरीपासून (पानाच्या बुडाशी असलेलं रुंद, चिवट आवरण) एकदा वापरायच्या थाळ्या करायला घेतल्या आहेत. प्रेस एकच आहे. साचे तीन: १० इंची थाळी, ६ इंची ताटली, ४ इंची वाटी. विरी आसपासच्या वाड्यांतून येतात.

सध्याची पद्धत: विरी ब्रशने धुतो, पाच-सात मिनिटं पाण्यात ठेवतो, लगेच साच्यात घालतो. साचा १४० अंश सेल्सिअसवर, दाब २० सेकंद. मग यूव्हीच्या (अतिनील किरणांच्या) पेटीतून काढून त्याच दिवशी २५ नगांच्या गठ्ठ्याला श्रिंक-रॅप, म्हणजे उष्णतेने आवळून बसणारी प्लास्टिकची फिल्म.

अडचणी अशा:
१. पंधरा दिवसांत पाकिटात हिरवट-काळे ठिपके येतात.
२. वाटीला उभ्या भेगा पडतात. शंभरात पंचवीस-तीस वाट्या बाद होतात.
३. सपाट निघालेली थाळी दुसऱ्या दिवशी होडीसारखी वाकते.
४. पाकिटावर '१०० टक्के इको-फ्रेंडली, बायोडिग्रेडेबल, ऑरगॅनिक' असं छापायचं होतं. नवीन नियमांनुसार ते चालत नाही असं कळलं. मग काय छापायचं?
५. पर्यावरणाला जपणारी वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकणं मनाला पटत नाही. पर्याय काय?
६. एक व्यापारी अमेरिकेसाठी ५०,००० थाळ्या मागतो आहे. इकडे केटरर १० इंची थाळीला चार रुपयांच्या वर जायला तयार नाही. कोणाकडे वळावं?

---

साचेकार

ताई, पहिल्या तीन अडचणींचं मूळ एकच आहे: पाणी. विरीत ते जिथे मुरायला हवं तिथे मुरत नाही आणि जेव्हा निघून जायला हवं तेव्हा निघत नाही.

पाच मिनिटांत पाणी वरवर लागतं. विरीचा मधला जाड पट्टा आतून कोरडाच राहतो. कोरडा तंतू साच्यात वळत नाही, दोन तंतूंमधली जागा उकलते. तीच तुमची उभी भेग. पुढे १४० अंशांवर २० सेकंदांत वरचं अंग करपायला येतं, पण पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. ते पाणी दुसऱ्या दिवशी एका बाजूने सुकतं, म्हणून थाळी वाकते. श्रिंक-रॅपमध्ये तेच पाणी कोंडतं, म्हणून बुरशी.

बदल असे करा.

भिजवणं: स्वच्छ पाण्यात १५ ते २० मिनिटं, जाड विरी असेल तर अर्धा तास. रात्रभर मात्र ठेवू नका, विरी आंबते आणि तो वास गरम वाफेतसुद्धा जात नाही. साबण, सोडा, ब्लीच काही नको. पाणी दर दोन-तीन खेपांनी बदला, नाहीतर पहिल्या खेपेची माती आणि बुरशीचे बीजाणू दहाव्या खेपेला लागतात. भिजलं की नाही हे बघायला विरी आडवी वाकवा. कट्कट् आवाज आला तर अजून वेळ आहे.

निथळणं: विरी उभ्या लावून १५-२० मिनिटं. पाणी ठिबकणारी विरी साच्यात गेली की त्याची एकदम वाफ होते, पृष्ठभागावर फोड येतात आणि साच्याचं तापमानही उतरतं.

दाबणं: ९० ते ११० अंशांच्या पट्ट्यात या, वेळ ४५ ते ६० सेकंद. पहिल्या आठ-दहा सेकंदांनी दाब क्षणभर सैल करा, भसकन वाफ निघू द्या, मग पुन्हा पूर्ण दाब. साच्यात वाफ जायला बारीक भोकं नसतील तर साचा करणाऱ्याकडून पाडून घ्या. ती बुजलेली असतात हे अनेकदा लक्षातच येत नाही, आठवड्याला तारेने मोकळी करायची.

एक गोष्ट नक्की तपासा. कंट्रोलरवर दिसणारं तापमान हीटरजवळचं असतं, साच्याच्या तोंडाचं नाही. पृष्ठभागाचं तापमान मोजणारा थर्मामीटर आणून वरचा आणि खालचा साचा वेगवेगळा मोजा. दोन्हींत दहा अंशांहून जास्त फरक असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही थाळी वाकेल.

वाटीबद्दल: विरीचे तंतू लांबीच्या दिशेने जातात. त्या दिशेने ती ताणत नाही, आडवी थोडीशी पसरते, आणि जास्त पसरली की उकलते. त्यामुळे धातूच्या वाटीचा आकार जसाच्या तसा विरीत उतरत नाही. तुमच्या ४ इंची वाटीची खोली दीड इंचाच्या आसपास असेल तर ती एक इंचावर आणा, तळाचा कोपरा चांगला गोल करा, भिंत उभी न ठेवता बाहेर कलती ठेवा. खणांची थाळी पुढे करणार असाल तरी हेच: उथळ खण, गोल कोपरे. विरीचा जाड कणा थाळीच्या मधोमध येऊ देऊ नका, तुळतुळीत आतली बाजू वर ठेवा.

वाळवणं: ही पायरी तुमच्याकडे नाहीच. दाबल्यावर थाळ्या जाळीवर एकेरी मांडा. कडक उन्हात अर्धा दिवस किंवा ५०-६० अंशांच्या ड्रायरमध्ये दोन-तीन तास. मग थंड झाल्यावर गठ्ठा करून वर सपाट फळी आणि पाच-सहा किलो वजन ठेवून एक रात्र. गरम थाळ्यांचा गठ्ठा कधी करू नका, आत घाम सुटतो.

ओलावा मोजायला मोठं यंत्र लागत नाही. थाळ्यांचे तुकडे करून २०० ग्रॅम घ्या, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. २०० चे १८२ झाले तर १८ ग्रॅम पाणी, म्हणजे ९ टक्के. दहाच्या आत असेल तरच पॅक करा. एका खेपेतून एकदा एवढं पुरे.

आणि यूव्हीच्या पेटीवर भिस्त ठेवू नका. उजेड पोचतो तिथेच ती काम करते, थाळीच्या अंगातल्या ओलाव्याला काही करत नाही.

---

आगर_ते_बाजार

साचेकारांनी सांगितलं ते बरोबर. पण बुरशीची सुरुवात त्याच्याही आधी, वाडीतच होते. विरी गळल्यावर चार दिवस ओल्या जमिनीवर पडून राहिली तर तिच्यावर काळे ठिपके येतात, आणि ते धुऊन निघत नाहीत. गळल्यापासून एक-दोन दिवसांत उचलायची, दोन-तीन दिवस ऊन द्यायचं, ५० ची मोळी बांधून माळ्यावर किंवा फळ्यांवर, जमिनीपासून हातभर वर आणि भिंतीला न टेकता ठेवायची. वाडीवाल्याला मोळीचा दर देऊ नका, प्रतीचा दर द्या. १० इंची थाळीला कड कापायची जागा धरून २८ सेंटीमीटर रुंदी लागते. त्याच विरीतून ६ इंची ताटली काढायची तर लांबी ४५ सेंटीमीटर हवी. या मापाची लाकडी पट्टी करून द्या. तिला पुरली ती पहिली प्रत.

आणखी एक, फार महत्त्वाचं. कोळेरोगासाठी (पावसात सुपारी कुजवणारा बुरशीचा रोग) वाडीत पावसाळ्याच्या तोंडाला बोर्डो मिश्रण मारतात. ते मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं असतं. निळसर-पांढरे डाग असलेली विरी ताटात जाता कामा नये, ती आच्छादनाला वापरा. कोणत्या वाडीत कधी फवारणी झाली याची वही ठेवा. ही वही पुढे लेबललाही कामी येते.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, तुमचे घालून बघा. एका साच्याच्या प्रेसवर ५० सेकंद दाब आणि २० सेकंद काढ-घाल, म्हणजे नगाला ७० सेकंद. तासाला जेमतेम ५०. दिवसाचे सहा तास धड चाललं तर ३०० नग. तीन जणींची मजुरी ४०० रुपयांप्रमाणे १,२०० धरली तर नगामागे ४ रुपये मजुरीचेच झाले. विरीचे २ रुपये, वीज आणि पॅकिंगचा १ रुपया, यंत्राचा हप्ता-दुरुस्ती पाऊण रुपया. पावणेआठ रुपये. शंभरात दहा बाद धरले तर साडेआठच्या वर. म्हणजे चार रुपयांचा केटरर हा तुमचा गिऱ्हाईकच नाही, आणि दर आणखी पाडून तो होणारही नाही.

हा खर्च विरीने वाढवलेला नाही, एका साच्याने वाढवलेला आहे. त्याच तीन जणींनी चार साच्यांच्या हायड्रॉलिक प्रेसवर दिवसाला १,००० नग काढले तर मजुरी नगाला सव्वा रुपयावर येते. पण मोठं यंत्र घ्यायच्या आधी विरी मोजा. एकरी साधारण ५५० झाडं आणि झाडाला वर्षाला सहा विरी धरल्या तर ३,३०० होतात. पावसात कुजलेल्या, अरुंद, फाटक्या वगळून २,००० हाताशी लागल्या तर चांगलं. दिवसाला ५०० थाळ्या आणि ५०० ताटल्या, म्हणजे ५०० विरी. वर्षाचे २०० दिवस, म्हणजे एक लाख विरी, म्हणजे पन्नास एकर पोफळी. आपल्याकडच्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या. कर्नाटकात, शिवमोग्याकडे किंवा दक्षिण कन्नडमध्ये सलग बागा असल्याने तिथल्या कारखान्यांना हे सोपं जातं. त्यांच्या दराशी तुलना करताना हे लक्षात असू द्या. प्रेस आधी आणि विरी नंतर, या क्रमाने गेलेले बंद पडतात.

कॅलेंडरही विरीच ठरवते. डिसेंबर ते मे गोळा करायचं, ऑक्टोबर ते मे दाबायचं. पावसाळ्यात ड्रायरशिवाय दाबायचंच नाही, फक्त कोरडी विरी सांभाळायची. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, त्याआधी महिनाभराचा तयार साठा हवा.

---

लेबल_तपासनीस

चौथ्या प्रश्नाचं उत्तर देते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरोधी, म्हणजे पर्यावरणाबद्दलच्या फसव्या दाव्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं आणली. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'नॅचरल', 'सस्टेनेबल', 'ऑरगॅनिक' असे मोघम शब्द नुसते छापता येत नाहीत. ते का आणि कोणत्या अर्थाने, हे सोबत स्पष्ट लिहावं लागतं आणि पुरावा हाताशी लागतो. दावा अख्ख्या वस्तूबद्दल आहे, तिच्या एखाद्या भागाबद्दल, वेष्टनाबद्दल की बनवण्याच्या पद्धतीबद्दल, हेही सांगावं लागतं. पुरावा किंवा तपशील क्यूआर कोडच्या मागे ठेवायला परवानगी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत.

तुमचे तीन शब्द एकेक करून बघू.

'१०० टक्के इको-फ्रेंडली': याचा अर्थ कोणालाच सिद्ध करता येणार नाही. प्रेसला वीज लागते, टेम्पोला डिझेल. काढून टाका.

'बायोडिग्रेडेबल': कुठे आणि किती दिवसांत, हे सांगितलं तरच त्याला अर्थ. त्यासाठी स्वतः चाचणी करा. थाळीचे हाताएवढे तुकडे ओल्या कचऱ्याच्या खतखड्ड्यात पुरा, दर आठवड्याला तारखेसह फोटो काढा. अख्खी थाळी आणि तुकडे यांत मोठा फरक दिसेल. तुमच्या खड्ड्यात जे दिसलं तेच छापा, तेवढ्याच अटींसह. प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन डेपोवर गेलेली थाळी तशी कुजत नाही.

'ऑरगॅनिक': वाड्यांना सेंद्रिय प्रमाणपत्र नसेल तर हा शब्दच नको.

मग काय लिहायचं? जे खरं आहे ते साध्या मराठीत लिहा, ते त्या तीन शब्दांपेक्षा जास्त विकतं:

*पोफळीच्या विरीची थाळी, १० इंची, २५ नग.*
*झाडावरून गळलेली विरी पाण्याने धुऊन, उष्णतेने दाबून केलेली. थाळीत गोंद, रंग, लेप किंवा प्लास्टिकचा थर नाही.*
*एकदाच वापरासाठी. वापरल्यावर तुकडे करून ओल्या कचऱ्यात किंवा खतखड्ड्यात टाकावी.*
*कोरड्या जागी ठेवावी. ठिपके किंवा कुबट वास आल्यास वापरू नये.*
*प्रत्येक विरीचा रंग आणि रेषा वेगळ्या असतात.*

ती शेवटची ओळ गाळू नका. 'माल एकसारखा नाही' ही तक्रार तिनेच थांबते.

यासोबत वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, नगांची संख्या, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति नग किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल. महिना-वर्षाशेजारी खेप क्रमांकही छापा. बुरशीची तक्रार आली तर कोणत्या वाडीची विरी आणि कोणत्या दिवशीचं वाळवण, हे तेव्हाच सापडेल.

शेतीच्या उप-उत्पादनांपासून केलेल्या जेवणाच्या भांड्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १८२६७ हे मानक २०२३ मध्ये आलं. पानं-विरी यात येतात, रसायनं, रेझिन आणि गोंद वर्ज्य आहेत, कडा धारदार नकोत, पृष्ठभाग गुळगुळीत हवा. ते मिळवून वाचा आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून त्याप्रमाणे तपासून घ्या. सोबत बुरशी-जिवाणूंची संख्या आणि बोर्डोमुळे तांबंही बघायला सांगा. पण परवान्याशिवाय आयएसआयचं किंवा सरकारी इकोमार्कचं चिन्ह छापायचं नाही. इंटरनेटवरून उतरवलेली हिरव्या पानाची, बाणांच्या वर्तुळाची चित्रंही नकोत, चित्र हाही दावाच असतो.

करांबद्दल एक: पानं, फुलं, सालींच्या थाळ्या-वाट्यांवर ऑक्टोबर २०१९ पासून जीएसटी शून्य आहे. ऐकायला गोड वाटतं, पण विक्रीवर कर नसल्याने यंत्र, साचे, खोके यांवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही. तो खर्चात धरा. विरीची थाळी याच नोंदीत बसते हे सीएकडून लेखी घ्या.

---

खतखड्डा

वेष्टनाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. थाळीत प्लास्टिक नाही असं सांगून बाहेर श्रिंक-रॅप लावलं तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न त्याचाच विचारणार, आणि तो योग्यच आहे. २५ थाळ्यांच्या गठ्ठ्याला चार बोटं रुंद क्राफ्ट कागदाचा पट्टा, त्यावरच सगळा मजकूर, आणि बाहेर पन्हळी पुठ्ठ्याचा खोका. कागदातून हवा खेळते, म्हणून थोडा ओलावा राहिला तरी तो बाहेर पडतो. श्रिंक-रॅपमध्ये तो कोंडतो.

---

साचेकार

@खतखड्डा, ऑक्टोबर ते मे, आणि माल महिनाभरात संपणार असेल तर तुमचं मान्य. पण कागदाचा पट्टा पावसाळ्यात उलटा काम करतो. कोकणात जुलैमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की ९ टक्क्यांवर पॅक केलेली थाळी उघडी राहिली तर पुन्हा पाणी ओढून घेते. मग बुरशी येऊन अख्खा खोका फेकावा लागतो. विरी, वीज, मजुरी, डिझेल सगळं वाया. ते नुकसान एका पिशवीपेक्षा मोठं आहे.

मधला रस्ता असा: प्रत्येक गठ्ठ्याला कागदाचा पट्टाच, पण पावसाळी साठ्यासाठी खोक्याच्या आत एकच मोठी जाड पिशवी, तोंड घट्ट बांधलेली, आत सिलिका जेलच्या पुड्या. खोका रिकामा झाला की पिशवी परत मागवा आणि पुन्हा वापरा. पंचवीस नगांना एक फिल्म याऐवजी पाचशे नगांना एक पिशवी, तीही फिरती.

---

खतखड्डा

हे पटलं. फक्त मग 'वेष्टनही प्लास्टिकमुक्त' असं कुठे लिहू नका. आणि पिशवी परत येते की नाही याची नोंद केटररच्या बिलावरच ठेवा, पिशवीमागे थोडी अनामत लावा. नुसतं 'परत करा' म्हटलं की कोणी करत नाही.

---

विरी_श्रीवर्धन

इतकं सविस्तर सांगितलंत, मनापासून आभार. आमचं वाळवण अजिबात नव्हतं हे आता लक्षात आलं. दोन गोष्टी राहिल्या. अमेरिकेच्या ऑर्डरबद्दल कोणी बोललं नाही. आणि साडेआठ रुपये खर्च येत असेल तर विकायचं नेमकं कुणाला?

---

लेबल_तपासनीस

अमेरिकेची ऑर्डर घेऊ नका. मे २०२५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सुपारीच्या पानांची-विरीची भांडी अन्नासाठी वापरायला तिथे मान्यता नसल्याचं जाहीर केलं. सुपारीच्या झाडात ॲरेकोलीनसारखी अल्कलॉइड्स (शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली रसायनं) असतात आणि ती भांड्यातून अन्नात उतरू शकतात, हे त्यांचं कारण. माल बंदरात अडकला तर भुर्दंड गटावर पडेल. 'शोभेच्या वस्तू म्हणून पाठवू' असं कोणी सुचवलं तर त्यालाही नाही म्हणा. तो खोटा दाखला ठरतो आणि कागदावर सही तुमची असते.

आपल्याकडे आयएस १८२६७ मध्ये विरीची भांडी बसतात, विक्रीला बंदी नाही. तरी हा मुद्दा तिथेच सोडू नये. तुमच्याच थाळीची चाचणी करून घ्या: गरम पाणी आणि आंबट द्रव ठेवून त्यात ही अल्कलॉइड्स किती उतरतात, ते मोजणारी प्रयोगशाळा शोधा. तो अहवाल येईपर्यंत 'विषमुक्त', 'आरोग्यदायी', 'केमिकल-फ्री' असं काहीही लिहू नका आणि लहान बाळांसाठीची भांडी म्हणून विकू नका. कढी, सोलकढी, सूप अशा पातळ-आंबट पदार्थांसाठी वाटी विकण्याऐवजी कोरड्या आणि सरसरीत पदार्थांची थाळी हेच मुख्य उत्पादन ठेवा. वाटीच्या भेगांचा ताप बघता ते तुम्हाला तसंही सोयीचं आहे.

युरोपात बांबूची पूड आणि मेलामाइन मिसळलेले कप 'नैसर्गिक बांबू' म्हणून विकले जात होते, २०२१ मध्ये तिथे त्यांच्यावर कारवाईची मोहीम झाली. वस्तू झाडापासून आली एवढ्याने ती अन्नाला सुरक्षित ठरत नाही. हे आपल्यासारख्यांनीच आधी मनावर घ्यायला हवं.

---

आगर_ते_बाजार

गिऱ्हाईक शोधताना आधी स्पर्धा नीट ओळखा. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून थर्माकोल-प्लास्टिकच्या ताटल्यांवर बंदी आहे. तेव्हा 'प्लास्टिकला पर्याय' ही जाहिरात आता शिळी झाली. तुमच्या थाळीच्या शेजारी असतात तीन गोष्टी: आतून प्लास्टिकचा पातळ थर असलेली कागदी प्लेट, उसाच्या चिपाडाची पांढरी प्लेट आणि केळीचं पान किंवा पळसाची पत्रावळ.

केळीचं पान आणि पत्रावळ जिथे पंगतीत मिळते तिथे तुम्ही जाऊच नका. ती तुमच्यापेक्षा स्वस्त आहे आणि पर्यावरणाच्या दृष्टीनेही सरस आहे, कारण तिला वीजच लागत नाही. मात्र मागे कागद चिकटवलेली यंत्राची पत्रावळ घेताना गोंद आणि कागदाला थर आहे का ते विचारावं. चिपाडाच्या प्लेटमध्ये तेल-पाणी अडवायला काही उत्पादक फ्लोरिनयुक्त रसायनं घालतात. विरीला स्वतःचंच तुळतुळीत अंग असतं, हा तुमचा खरा मुद्दा.

दुसरा मुद्दा ताठपणा. उभ्याने जेवायच्या बुफेत एका हातात थाळी, तिच्यात पुलाव, उसळ, दोन पुऱ्या. कागदी प्लेट मधोमध वाकते, म्हणून लोक दोन-दोन प्लेट एकाखाली एक घेतात. केटररला दर सांगू नका, हे दाखवा: दोन कागदी प्लेटची किंमत आणि तुमच्या एका थाळीची किंमत. दिवेआगर-हरिहरेश्वरकडची घरगुती निवासं, शेतावरचे मेळावे, छोटी साखरपुड्याची जेवणं, जिथे ४०-१०० माणसं असतात आणि यजमान स्वतः भांडी निवडतो, तिथून सुरुवात करा. हजाराच्या लग्नात केटररच निवडतो आणि तो दरच बघतो.

नमुना म्हणून एक थाळी देऊ नका. २५ द्या, आणि त्यांच्याच जेवणात वापरायला लावा. सोबत जेवणानंतर उष्ट्या थाळ्या परत नेऊन खत करायची सोय गावात करू शकलात तर निवासवाल्याचा कचऱ्याचा प्रश्न सुटतो. त्यासाठी तो दोन रुपये जास्त देईल, थाळी सुंदर आहे म्हणून देणार नाही.

मालाच्या दोन प्रती करा. फिकट, बिनडागाची थाळी पाकिटात. नैसर्गिक तपकिरी पट्टे असलेली, पण निरोगी, सुट्या गठ्ठ्यात कमी दराने. बुरशीचा ठिपका असलेली मात्र कोणत्याही दराने नाही.

---

साचेकार

ताई, यंत्र-ड्रायर यांत पैसे घालायच्या आधी एक साधा प्रयोग करा. शंभर थाळ्या, पंचवीस-पंचवीसच्या चार खेपा, एकाच वाडीची विरी.

क: आतासारखंच, ५ मिनिटं भिजवून १४० अंश, २० सेकंद, वाळवण नाही.
ख: २० मिनिटं भिजवून निथळलेली, दाब आतासारखाच, वाळवण नाही.
ग: २० मिनिटं भिजवून निथळलेली, १०० अंश, ५० सेकंद, वाळवण नाही.
घ: ग सारखंच, वर उन्हात वाळवण आणि रात्रभर वजन.

प्रत्येक खेपेतून एक थाळी तुकडे करायला काढा, ओलावा मोजा. थाळी साधारण २०-२५ ग्रॅमची असते, तेव्हा तुकडे २० ग्रॅम आणि वजनकाटा ०.१ ग्रॅमचा घ्या. एका थाळीत अगदी गरम पाणी ओतून वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवा, कागद कुठे भिजतो तिथे पेनाने खूण करा. बाकीच्या थाळ्यांचे गठ्ठे करा. प्रत्येक खेपेचे दोन, एकाला कागदी पट्टा, एकाला श्रिंक-रॅप. आठही गठ्ठे एकाच फळीवर ठेवा, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी उघडा. भेगा, वाकणं, ठिपके मोजून वहीत लिहा आणि ते आकडे इथे टाका. वाटीचा नवा साचा त्यानंतरच सांगा.